नवं घर, दोन मांजरं आणि बंद फळीमागची काजळ

उंबरठा

घराचा ताबा मिळून सात आठवडे झाले. घर जुनं आहे. काम चालू असताना दुसरीकडे राहणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून राहत राहतच एकेक काम उरकायचं ठरवलं. सोबत दोन मांजरं. ढोल्या हा सहा किलोचा तांबूस बोका, नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला. काजळ दीड वर्षाची, काळी, अंगाने काडी. जिथे डोकं जाईल तिथे ती सगळीच्या सगळी जाते.

सुरुवातीच्या उचापती आम्ही कौतुकानेच बघितल्या. काजळने मास्किंग टेपचं टोक पकडून अख्खं रीळ माळ्यावर नेलं. ओल्या पुट्टीवरून चालत जाऊन गादीवर पावलं उमटवली. ढोल्या सुताराच्या हत्यारांच्या पिशवीत झोपायचा, त्यामुळे सुतार बिचारा रोज त्याला उठवून मग काम सुरू करायचा.

गेल्या मंगळवारी मात्र जे झालं त्यानंतर मी हा धागा काढते आहे.

न्हाणीघराच्या भिंतीलगत पाइपांची उभी पोकळी आहे. त्या संध्याकाळी सुताराने तिच्यावर प्लायवूडची फळी बसवली, आठ स्क्रू आवळले, कडेने सिलिकॉन भरलं आणि तो गेला. आठ वाजता मी वाट्या भरल्या. काजळ आली नाही, आणि वाटीचा आवाज आला की सगळ्यांत आधी हजर होणारा ढोल्यासुद्धा आला नाही. तो न्हाणीघरात होता. पाय पोटाखाली घेऊन, नाक फळीपासून चार बोटांवर. उचलून आणला तर परत तिथेच जाऊन बसला.

आम्हाला कळलंच नाही. जिने, गच्ची, गाड्यांच्या खाली, सगळीकडे विजेरी घेऊन फिरलो, हाका मारून घसा बसला. साडेअकराला परत आलो तेव्हाही ढोल्या त्याच जागी होता. तेव्हा मी फळीला कान लावला. आधी काहीच नाही. मग लोखंडी पाइपवर नख लागल्याचा एकच बारीक आवाज.

सिलिकॉन ब्लेडने कापलं, स्क्रू काढले. आत पाइपच्या वळणावर ती बसलेली. पाठ सिमेंटच्या धुळीने राखाडी झालेली, पुढचे दोन्ही पंजे चिखलाने माखलेले. पाच तासांत एकदाही ओरडली नव्हती. बाहेर काढल्यावर तिने माझ्या खांद्यात नखं रोवली आणि बराच वेळ सोडलं नाही. तिचं काळीज माझ्या गळ्याशी धडधडत होतं.

अजून तीन खोल्यांचं रंगकाम, खिडक्यांच्या जाळ्या आणि दारांचं पॉलिश बाकी आहे. त्यात ढोल्याने नवी चौकट ओरबाडायला सुरुवात केली आहे, आणि दोनदा चपलांच्या नव्या कपाटावर लघवी केली. नऊ वर्षांत त्याने असं कधीच केलेलं नाही. त्याला रागवायचं नाही, काय बिघडलंय ते समजून घ्यायचंय. ज्यांनी मांजरांसकट घराचं काम निभावलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रात्रपाळी

वाचताना पोटात गोळा आला. काजळ सुखरूप आहे हे वाचून मगच पुढचं वाचलं.

आमच्या घरी एकच नियम आहे. कुठलीही गोष्ट बंद करण्याआधी सगळी मांजरं डोळ्यांनी दिसली पाहिजेत. फळी, फॉल्स सीलिंग, बॉक्सचा पलंग, माळा, वॉशिंग मशीनचं दार, सगळं यात आलं. 'असेल कुठेतरी' चालत नाही. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला मी मांजरं दाखवते, नावं सांगते. नाव कळलं की माणसं आपणहून विचारतात, 'ताई, काजळ बाहेर आहे ना?'

आणि मांजर दिसेनासं झालं तर आधी घर आणि लगतचा परिसर हाताने चाचपून बघा. हरवलेल्या मांजरांवर २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं सुटली त्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती. घाबरलेलं मांजर अंग चोरून गप्प बसतं, ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. काजळ ओरडली नाही ती त्यामुळेच.

निळी_खिडकी

मी फक्त खिडक्यांबद्दल लिहिते, कारण तो धडा आम्हाला फार महागात मिळाला. रंगाऱ्यांनी चौकट रंगवायला जाळी काढून ठेवली होती. दुपारी ते जेवायला गेले आणि आमची मनू तिसऱ्या मजल्यावरून पडली. जबडा मोडला, पुढचा पाय मोडला. दोन महिने तिला सिरिंजने भरवलं.

'मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायावरच पडतं' हे इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी मी त्यावर वाचत बसले. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सरासरी उंची साडेपाच मजले, आणि उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. लोक एवढंच सांगतात. पण त्यात दवाखान्यात आणलेलीच मांजरं मोजली आहेत. जी जागच्या जागी गेली ती मोजणीत आलीच नाहीत. आणि वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांची छाती, जबडा, पाय जायबंदी झाले होते.

डासांची साधी फायबरग्लासची जाळी मांजराच्या नखापुढे टिकत नाही. आम्ही स्टीलची बारीक जाळी चौकटीत पट्टी ठोकून बसवली. चिकटपट्टीवर लावलेली जाळी मांजराने अंग टेकलं की निघते. सरकत्या खिडकीला जाळीचा पल्ला असेल तर त्याला खिट्टी हवीच. पंजा कडेत घालून पल्ला सरकवायला मांजराला फार वेळ लागत नाही. आणि रंगाच्या दिवशी जाळी निघाली तर त्या खोलीचं दार बंद, किल्ली तुमच्या हातात.

गवंडीकाका

तीस वर्षं बांधकामात आहे. मांजरं पाळलेली नाहीत, पण प्रत्येक साइटवर एक तरी असतेच.

उंबरठाताई, एक गोष्ट खटकली म्हणून आधी तीच विचारतो. काजळचे पंजे चिखलाने माखले होते असं तुम्ही लिहिलंत. कोरड्या पोकळीत नुसती धूळ असायला हवी. चिखल झाला म्हणजे आत पाणी आहे. कुठला तरी सांधा झिरपतोय. फळी परत लावू नका. आत विजेरी मारा, प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी ओला असेल तो सांधा गुन्हेगार.

दुसरं, पाइपांची पोकळी स्क्रू आणि सिलिकॉनने कायमची बंद करणं हे कामच चुकीचं. तिथे बिजागरीचं दार लागतं. सांधे, व्हॉल्व्ह कधीतरी बघावे लागणारच. बंद पोकळीतली गळती भिंत फुगल्यावरच कळते.

कामाचा क्रम सांगतो. सगळ्या खोल्या अर्धवट उघडून ठेवू नका. एक खोली पूर्ण करा. आधी तोडफोड, मग वायरिंग आणि प्लंबिंग, मग प्लॅस्टर, पुट्टी, रंग, शेवटी दार. ती खोली मांजरांची. मग बाकीच्या घराला हात लावा. ओलं सिमेंट हे तीव्र अल्कली असतं, सामू (पीएच) १२ च्या वर. माणसाची कातडी सोलते, मांजराचा पंजा तर केवढासा. पाय पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, चाटू देऊ नका. वाळूचा ढीग असेल तर ताडपत्री घट्ट दाबून टाका. मांजराला ती शौचाची जागाच वाटते, आणि पुढे त्याच वाळूत आमची माणसं हात घालतात.

उंबरठा

काका, तुमचा प्रतिसाद वाचून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. चिखल मी स्वतः पुसला आणि त्याचा अर्थ डोक्यात आला नाही. आज रात्रीच कागद गुंडाळतो.

निळी_खिडकी, मनूबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आता बरी आहे ना?

निळी_खिडकी

बरी आहे. उडी पूर्वीइतकी लांब मारत नाही, पण उन्हाच्या तिरिपेत बसायला खिडकीशी येते.

शेवंती

माझं मत जरा वेगळं आहे. महिनाभर दोघांना कुणा ओळखीच्यांकडे ठेवा. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० हजारांच्याही वर. ड्रिलचा जो आवाज आपल्याला नकोसा होतो, त्याच्या वरचंही बरंच काही त्यांच्या कानात जात असणार. आपल्या घराच्या हौसेसाठी त्यांना हे का सोसायला लावायचं?

उंबरठा

शेवंती, दुसऱ्या आठवड्यात हे करून बघितलं. मैत्रिणीकडे ठेवलं. तिने मनापासून केलं, पण ढोल्या कपाटामागे जाऊन बसला आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी परत आणला. घरी आल्यावर ड्रिल चालू असतानाही जेवला.

पशुवैद्य_एक

प्रश्न बरेच आहेत, क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करते.

आधी लघवी, कारण त्यात जिवाचा प्रश्न असू शकतो. बोका वारंवार लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शौचाच्या डब्यात, जाऊन कुंथतोय, थेंब थेंब होतंय किंवा काहीच होत नाही, अंग चाटत राहतोय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ढोल्याला भरपूर लघवी होत असेल तरी तपासणी करून घ्या. ताणामुळे मूत्राशयाला सूज येणं मांजरांत नेहमीचं आहे, आणि घराचं काम हा ताण मोठाच असतो.

तपासणी स्वच्छ आली तर मग वासाकडे बघा. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, पंजांच्या तळव्यांशी गंधग्रंथी असतात. ते कोपऱ्याला गाल घासतं, चौकट ओरबाडतं, तेव्हा तिथे स्वतःचा वास ठेवत असतं. त्या वासांवरून त्याला घर आपलं वाटतं. तुम्ही एक भिंत रंगवता तेव्हा त्याने ठेवलेली खूण पुसली जाते, वर परका उग्र वास येतो. ढोल्या नऊ वर्षांच्या घरातून आलाय आणि इथे तो जे काही लिहितो ते दर आठवड्याला पुसलं जातंय. नव्या कपाटावरची लघवी आणि नव्या चौकटीवरचे ओरखडे या दोन्ही जागा सगळ्यांत जास्त परक्या वासाच्या आहेत, हे तुमच्याच लिहिण्यात आहे.

म्हणून त्यांची अंथरुणं काम संपेपर्यंत धुऊ नका. मऊ सुती फडकं त्याच्या गालांवरून हलकेच फिरवा आणि तेच फडकं नव्या चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्यांना त्याच्या उंचीवर घासा, रोज. लघवीची जागा एन्झाइमच्या क्लीनरने धुवा. अमोनियाचं काही वापरू नका, त्याचा वास लघवीसारखाच येतो. दोन मांजरांना लिटरचे तीन डबे, वेगवेगळ्या जागी. तुम्ही डबा कामाप्रमाणे इकडून तिकडे हलवत होता का? तसं असेल तर तेही थांबवा.

ओरबाडायला खांब हवा. ढोल्या मागच्या पायांवर उभा राहून पूर्ण ताणला जाईल इतका उंच, साधारण ९० सेंटिमीटर, आणि अजिबात न डगमगणारा. डगमगला तर तो पुन्हा त्याच्याकडे जाणार नाही. आधी चौकटीला खेटून ठेवा, वापरायला लागला की दिवसाला वीतभर सरकवत न्या.

आता रसायनं. मांजराच्या यकृतात काही पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याची एक महत्त्वाची प्रक्रिया फार दुबळी असते. त्यामुळे फिनॉल असलेली फरशी पुसण्याची द्रावणं त्यांना विषारी ठरतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. नव्या घरात वाळवी, झुरळं, ढेकूण यांची फवारणी होते, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक आहे का ते आधी विचारा. मांजराला त्याने झटके येतात. उंदरांचं विष ठेवू नका, विष खाल्लेला उंदीर मांजराच्या हाती लागतो.

पाण्यात मिसळणारा रंग अंगाला लागला तर ओला असतानाच कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. ऑइलपेंट लागला तर टर्पेंटाइन, थिनर, रॉकेल यातलं काहीही लावू नका. कातडी भाजते आणि चाटल्यावर पोटात जातं. चाटू न देता तेवढे केस कापा किंवा आमच्याकडे आणा.

काजळने नेलेल्या टेपबद्दल. टेप, सुतळी, दोरा, प्लंबरचा पांढरा टेप रोज संध्याकाळी उचला. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, एकदा टोक तोंडात गेलं की बाहेर थुंकणं त्याला अवघड जातं. दोरा आतड्यात अडकून आतडं चुणीसारखं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात घेऊन या.

शेवंती, तुमचा कानांचा मुद्दा बरोबर आहे. पण मांजर जितकं माणसांना, तितकंच जागेलाही बांधलेलं असतं. ढोल्यासारखं अंगाने भरलेलं मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून ते फार आजारी पडतं. एक अख्खा दिवस खाल्लं नाही तर मी फोन करायला सांगते. त्याला घरीच ठेवा, फक्त ड्रिलपासून सगळ्यांत लांबच्या, बंद खोलीत.

आणि घरात कुणी गर्भवती असेल तर लिटर तिने साफ करू नये, ते रोज साफ व्हावं. टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणून रोजची सफाई मोलाची. काकांनी वाळूबद्दल लिहिलं ते यासाठीही फार महत्त्वाचं आहे.

शेवंती

उपाशी राहण्याचं मला माहीत नव्हतं. माझी दोन्ही लहानपणापासून दोन घरांत वाढली, त्यामुळे मी सगळ्यांना तेच मोजमाप लावत होते. ढोल्याला घरीच राहू दे.

गवंडीकाका

भिंतीवर मांजरांसाठी फळ्या लावायच्या म्हणून बरेच जण विचारतात, ते इथेच लिहून ठेवतो. सहा किलोचा बोका उडी मारून फळीवर येतो तेव्हा फळीला सहा किलो नाही, त्याच्या कितीतरी पट झटका बसतो. वीट किंवा काँक्रीट असेल तर फास्टनर धरतो. पोकळ ब्लॉकला त्याचे वेगळे फास्टनर येतात. जिप्सम बोर्डच्या भिंतीवर नुसत्या बोर्डात स्क्रू मारलात तर फळी मांजरासकट खाली येईल, मागच्या सांगाड्यात स्क्रू गेला पाहिजे. प्लॅस्टरची जाडी सोडून स्क्रू विटेत किती जातो तेवढाच धरायचा. भोक पाडण्याआधी स्विचच्या सरळ वर आणि सरळ खाली वायर असते हे लक्षात ठेवा. फळीची रुंदी वीत-सव्वावीत तरी हवी, वर खरखरीत कापड. गुळगुळीत लॅमिनेटवर पाय घसरतो.

उंबरठा

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

काका, खालून दुसरा सांधा. सकाळी कागद चोळामोळा करण्याइतका ओला होता. प्लंबरने सांधा उघडला तेव्हा आतलं रबर चिरलेलं निघालं. मागच्या भिंतीचं प्लॅस्टर हात लावला तर भुगा होऊन पडत होतं. काजळ बहुधा थेंबांच्या आवाजाने आत गेली असावी, नळ टपकत असला की ती तासभर त्याच्याकडे बघत बसते. त्या रात्री ढोल्या तिथून हलला असता तर आम्ही फळीला कान लावला नसता.

डॉक्टर, डबा मी खरंच रोज हलवत होते. ढोल्याची लघवी तपासली, खडे नाहीत, सूज होती. मागची खोली आधी पूर्ण केली आणि दोघांचं सगळं तिथे नेलं, न धुतलेल्या गोधड्यांसकट. डबे तीन, जागा ठरलेल्या. फडक्याचं रोज केलं. पहिल्या आठवड्यात एकदा कपाटावर झालं, त्यानंतर नाही. गेल्या रविवारी त्याने त्याच कपाटाच्या कोपऱ्याला आपणहून गाल घासला. आधी डावा, मग उजवा, मग हनुवटी. मी हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिले, त्याला हलवायचं नव्हतं.

खांब घरीच केला. ९५ सेंटिमीटरचा लाकडी खांब, खाली ६० बाय ६० चा जड पाट, वर जाड दोरी गुंडाळलेली. आता तो चौकटीपासून हातभर लांब आला आहे. चौकटीवरचे ओरखडे पॉलिशवाल्याला भरू दिले नाहीत, डॉक्टरांना विचारून मग ठरवू.

रंगाच्या एकाही दिवशी जाळी निघालेली खोली उघडी राहिली नाही. रात्रपाळी, सुताराला आम्ही सगळं सांगितलं. तेव्हापासून तो ड्रिल हातात घेण्याआधी दोघांना हाक मारतो.

पशुवैद्य_एक

ओरखडे खांब पूर्ण लांब जाईपर्यंत राहू द्या. आत्ता भरलेत तर तो परत करेल.

निळी_खिडकी

उंबरठा, पोकळीच्या दाराची मापं देशील का? आमचीही फळी स्क्रूवर आहे, आज रात्रीच काढते.

उंबरठा

दार ४५ बाय ६० सेंटिमीटर, उंचीला ६०. जमिनीपासून दीड फूट वर घेतलं, म्हणजे खालचे दोन्ही सांधे आणि व्हॉल्व्ह हाताला येतात. दोन बिजागऱ्या, मध्ये हवेसाठी स्टीलच्या जाळीची पट्टी, त्यामुळे आत कुणी असेल तर दिसतं आणि ऐकूही येतं. खिट्टी बाहेरून, अगदी वरच्या कोपऱ्यात लाव. आम्ही आधी खाली लावली होती, ती काजळने दुसऱ्याच दिवशी उघडली.